आकाराम ड्रेसर आणि हुपरीची बाळाबाई

एखाद्या माणसाबद्दल लिहायचं तर आधी त्याच्याविषयी चार बरे शब्द लिहावेत अशी रीत आहे. आकारामच्या बाबतीत मला ती पाळता येणार नाही. शाहूपुरीतल्या डॉक्टर हेरवाडकरांच्या दवाखान्यात मी पन्नास साली नर्स म्हणून लागले तेव्हा तो तिथं होताच, आणि पहिल्याच दिवशी मला त्याचा तिटकारा आला. हुद्दा ड्रेसरचा. म्हणजे जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, ऑपरेशनच्या आधी हत्यारं उकळून ठेवायची. पण ऐट अशी, की खेड्यावरून आलेला नवखा माणूस खऱ्या डॉक्टरांना ओलांडून ह्यालाच 'डॉक्टर' म्हणून हाक मारायचा. ती चूक आकारामनं एकदाही दुरुस्त केली नाही. उलट हाक ऐकली की मान जरा वाकडी करून, 'बोला पावणं, काय होतंय?' असं विचारायचा.

दिसायला ठेंगणा, काळा, मिशांना पीळ. खाकी अर्ध्या चड्डीला अशी इस्त्री, की तिच्या धारेनं भाजी चिरावी. लढाईत नर्सिंग शिपाई म्हणून पूर्वेकडं जाऊन आला होता. तिकडं डोक्याला गोळी लागलेल्या सैनिकांसाठी वेगळा तंबू होता, त्यात एका गोऱ्या कर्नलच्या हाताखाली ह्यानं दोन वर्षं काढली. काम काय, तर पेशंटचं डोकं हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून बसायचं. तेवढ्या भांडवलावर आकारामसाहेबांनी उरलेला जन्म काढायचं ठरवलं होतं.

'मेंदू हातात धरल्याला हाय आमी, शिष्टर. कोंबडीच्या पिल्लावानी धडधडतंय बगा,' हे वाक्य मी महिन्यातून दहा वेळा तरी ऐकलं असेल. पहिल्यांदा मला किळस आली, दुसऱ्यांदा हसू आलं, नंतर नुसता कंटाळा. रविवारी तो कोडोलीला आपल्या गावी जायचा. तेव्हा डॉक्टरांनी टाकून दिलेला, नळी फाटलेला स्टेथोस्कोप गळ्यात असायचा, आणि बायको अंबूबाई मागून पिशवी घेऊन चालायची. गावात तो लोकांच्या छात्या तपासतो असं आमच्या आयाबाईनं, धोंडुबाईनं, मला सांगितलं. फाटक्या नळीतून काय ऐकू येत असेल ते तो जाणे आणि त्याचा जोतिबा जाणे.

डॉक्टर नृसिंह हेरवाडकर तरी कुठं धुतल्या तांदळासारखे होते! एडिंबरोला दोन वर्षं राहून आले, येताना कवटीला भोक पाडायचं एक चकचकीत गिरमिट घेऊन आले, आणि आठ वर्षं ते काचेच्या कपाटात ठेवून पाहुण्यांना दाखवत राहिले. रोजचं काम म्हणजे हर्निया, अपेंडिक्स आणि मूळव्याध. मेंदूच्या शस्त्रक्रियेवर रोटरीत इंग्रजीतून व्याख्यान मात्र दिलं होतं.

आणि मी श्यामला. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, दादाच्या घरी परत आले, वहिनीचे टोमणे आणि धुणी यांतून सुटायला नर्सिंग शिकले. काम चोख, जीभ तिखट, आणि स्वतःबद्दल मत फार चांगलं. त्या दवाखान्यात सगळ्यांत शहाणी आपणच, असं मला प्रामाणिकपणे वाटायचं.

चोपन्न सालच्या चैत्रात हुपरीची बाळाबाई आली. वय बावीस-तेवीस. घरी चांदीचे पैंजण करायचा धंदा. नवरा कृष्णात आटणी-ठोकणी करायचा, ही घुंगरं जोडायची. लहानपणापासून तिचा डावा कान वाहत होता. सासू चिमणाबाई त्यात लसणीचं कोमट तेल सोडायची. महिन्यापूर्वी कान वाहायचा एकाएकी थांबला, म्हणून घरात आनंदीआनंद झाला. सासूनं कुणाकुणाला सांगितलं म्हणे, की तेलानं गुण आला. गुण कसला! बाहेर पडणारा पू आत वळला होता. मग डोकेदुखी, मग ओकाऱ्या, आणि मग घरात कुणाला कळेना असं एक विचित्र दुखणं: सुनेला वस्तूंची नावं आठवेनात.

डॉक्टरांनी खिशातल्या किल्ल्या तिच्यापुढं धरल्या. 'हे काय आहे?'

'ते... दाराला लावत्यात ते.'

'त्याला म्हणतात काय?'

ती ओठ हलवत राहिली. कृष्णातच्या खांद्यावर तीन वर्षांची पोर झोपली होती. डॉक्टरांनी तिच्याकडं बोट केलं. 'आणि हिचं नाव?'

बाळाबाईनं पोरीकडं पाहिलं आणि तिचा चेहरा असा झाला, की तो मी अजून विसरले नाही. 'माझी... माझी ती,' एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली. कृष्णात ओशाळून म्हणाला, 'अक्का म्हणतो की आमी तिला. रोज शंभरदा हाक मारती ही.'

डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी टाकून पाहिलं, नाडी मोजली. नाडी पन्नासवर आली होती. डाव्या बाजूला, कानाच्या आतल्या अंगाला, मेंदूत खोल पुवाची पिशवी झाली होती. मुंबईला न्यायचं तर वाटेतच जाईल, असं ते म्हणाले. म्हणजे इथंच करायचं. आठ वर्षं कपाटात पडलेलं गिरमिट आता खरोखर बाहेर काढायचं, ह्या विचारानं ते त्याच किल्ल्या पुन्हा पुन्हा खिशात घालून बाहेर काढत होते. मी पाहिलं, आणि मनातल्या मनात, लाज वाटते सांगायला, जरा गंमतही वाटली.

संध्याकाळी त्यांच्या खोलीत जाडजूड पुस्तक उघडं पडलं होतं. मी समोर होते म्हणून ते मला सांगत होते, पण समजूत स्वतःचीच घालत होते. पुवापर्यंत जायला तीन वाटा. एक कानामागच्या सडक्या हाडातून. ती सगळ्यांत जवळची, पण घाणीतून जाते. दुसरी कानाच्या वरून. ती सरळ, रुंद, नेम चुकायची भीती कमी. पण डाव्या बाजूला नेमकं तिथंच बोलण्याचं ठाणं. सुई त्यातून गेली तर माणूस वाचतो आणि बोलणं जातं. तिसरी खालून, कानाच्या जरा पुढं. तिथं बोलण्याला धक्का नाही, पण सुई तिरकी वर न्यावी लागते. हुकली तर पू लागत नाही, आणि फारच हुकली तर रक्तवाहिनी फुटते.

'वरची वाट बरी,' डॉक्टर म्हणाले. 'निदान जीव तरी वाचेल.'

आकाराम चहा घेऊन आला होता. कपबशी टेबलावर ठेवत, कुणी विचारलेलं नसताना, तो म्हणाला, 'सायेब, खालनं जावा. तंबूत वरनं सुई गेल्याली पोरं जगली, पण आईचं नाव इसरली.'

'तुला विचारलं कुणी?'

'कुणी न्हाय की. सांगिटलं आपलं. आनी तिला झोपवू नगासा. जागा बधिर करा आनी बोलती ठेवा. बोलणं अडाकलं की सुई थांबवायची. आमचा कर्नल तसंच करायचा.'

डॉक्टरांनी त्याला हाकलून दिलं, माझ्यासमोर दोन शिव्याही हासडल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षरशः तेच केलं: खालून, जागा बधिर करून, पेशंटला बोलतं ठेवून. आकारामचं नाव त्यांनी काढलं नाही. मला दोघांचाही राग आला. एक मूर्ख असून बरोबर होता, आणि दुसरा शहाणा असून आभार मानायला तयार नव्हता.

माझं काम हिरव्या चादरीखाली बाळाबाईच्या तोंडाजवळ बसायचं. हातात वाटी, कंगवा, किल्ली. एकेक वस्तू दाखवून विचारत राहायचं. डोक्याशी आकाराम. त्यानं दोन्ही तळव्यांत तिचं डोकं धरलं ते दीड तास. माशी त्याच्या नाकावर बसली, तिला उडवायलासुद्धा त्यानं हात सोडला नाही. त्या हातांना नाव ठेवायला मला जागा नाही, म्हणून ठेवत नाही.

गिरमिटाचा हाडावरचा आवाज आमच्या गल्लीतल्या सुताराच्या कामासारखाच होता. बाळाबाईनं डोळे घट्ट मिटून घेतले. मग सुई आत जायला लागली, बोटभर, आणखी थोडी.

'बाळाबाई, हे काय?' मी वाटी दाखवली.

'ते... आमटी खायाचं.'

सुईतून काही आलं नाही. डॉक्टरांनी ती काढली, पुन्हा घातली. पुन्हा काही नाही. त्यांच्या कपाळावरचा घाम मी चादरीबाहेर येऊन पुसला. 'वरूनच जायला हवं होतं,' ते पुटपुटले.

'जरा वर करा सुईचं तोंड, सायेब. आनी नाकाकडं. घाई करू नगासा,' आकाराम म्हणाला. त्या वेळी त्याच्या आवाजात फुशारकी नव्हती.

सुई कशाला तरी अडली, मग एकदम मोकळी झाली, आणि घाणेरड्या वासाचा हिरवा घट्ट पू नळीत उतरू लागला. डॉक्टर तो हळूहळू ओढत राहिले. आत पेनिसिलिन सोडलं. टाके घालून होईपर्यंत मी वाटी तशीच धरून बसले होते, विसरूनच गेले होते.

'वाटी,' बाळाबाई म्हणाली.

मला वाटलं भास झाला. मी विचारलं, 'पोरीचं नाव काय?'

'अक्का. तुमाला ठावं न्हाय व्हय? अक्का म्हणत्यात तिला.' आणि जरा थांबून, 'का वं बाई, रडायला काय झालं तुमाला?'

मी रडत होते हे खरं आहे. त्या क्षणी मला डॉक्टरसुद्धा आवडले होते.

दुपारी डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना तिच्या खोलीच्या दाराशी उभं केलं आणि बजावलं. डोकं उशीवर उंच राहिलं पाहिजे. भेटायला कुणी नाही. पट्टीला त्यांच्याशिवाय कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. 'हर्नियाची जखम पिकली तर माणूस महिनाभर अंथरुणावर पडतो. ह्या भोकातून मेंदूपर्यंत सरळ रस्ता आहे. ऑपरेशन अर्धंच झालंय. उरलेलं अर्धं म्हणजे हात न लावणं, आणि ते जास्त अवघड आहे.' डॉक्टर एवढं शहाणपणाचं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. आकाराम माना डोलावत होता, आणि डॉक्टर गेल्यावर त्यानं तेच भाषण धोंडुबाईला दोनदा ऐकवलं.

पुढचे चार दिवस तो जमिनीवर चालत नव्हता. समोरच्या हॉटेलात चहाच्या कपाभोवती मंडळी जमवून सांगायचा, 'सुई सायबांनी धरली, वाट म्या दावली.' खोटं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. ते खरं होतं, म्हणून ऐकवत नव्हतं. बाळाबाई उशीवर टेकून बसायची, पेज प्यायची, खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक वस्तूचं नाव मोठ्यानं घ्यायची. टांगा. म्हस. पत्र्याची पेटी. नवी भांडी मांडून ठेवावीत तशी ती शब्द मांडून ठेवत होती.

पाचव्या दिवशी जोतिबाची चैत्री यात्रा. चिमणाबाईनं नवस बोलला होता, म्हणून मायलेक डोंगरावर गेली आणि दर्शन घेऊन, घरी न जाता, थेट दवाखान्यात आली. दुपारची वेळ. डॉक्टर वर आपल्या घरी जेवून आडवे झालेले. बारा ते चार पाळी माझी होती.

मी मॅटिनीला गेले होते. दादाच्या घरात माझ्या सिनेमा पाहण्याचं कुणाला कौतुक नव्हतं. त्यामुळं पाळीच्या वेळात, गणवेशावर साधं लुगडं गुंडाळून, मी महिन्यातून एकदा जायची. 'दाराशी बसा, कुणाला सोडू नका,' असं आकारामला सांगून गेले. तो 'व्हय' म्हणाला.

पुढचं मला धोंडुबाईनं सांगितलं. चिमणाबाई आणि कृष्णात डोक्यापासून पायापर्यंत गुलालानं माखून दाराशी आले. आकारामनं आधी त्यांना अडवलं, हे खरं. 'लांबनं बगा,' म्हणाला. चिमणाबाई म्हणाली, 'डॉक्टर, द्येवाचा गुलाल जितं दुखणं हुतं तितंच लावाय पायजे. कपाळाला लावून काय उपेग?' तरीही तो नाही म्हणाला. मग कृष्णातनं साधाच प्रश्न विचारला. 'डॉक्टर, नेमकं कुठनं घुसला वं तुमी?'

त्या प्रश्नानं आकारामचा घात केला. चार दिवस हॉटेलात सांगून घसा कोरडा केलेला, आणि इथं पेशंटचा सख्खा नवरा 'डॉक्टर' म्हणून विचारतोय! त्यानं हात धुतले, हो, ते तो विसरला नाही, आणि पट्टी सोडली. 'हितनं. खालनं. वरनं गेलो असतो तर बोलणं गेलं असतं हिचं.' दोघं वाकून पाहायला लागले. चिमणाबाईनं 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' म्हणत चिमूट सोडली ती थेट टाक्यांवर. आकाराम तिला ढकलू शकला असता. पण कोडोलीचा माणूस तो. लहानपणापासून त्या डोंगराकडं तोंड करून हात जोडत आला होता. त्या गुलालाला घाण म्हणायला त्याची जीभ रेटली नाही. त्यानंही हात जोडले. मग जखम स्पिरिटनं पुसली आणि पट्टी पुन्हा बांधली, अगदी सुबक.

मी सव्वाचारला परत आले तर उशीचा अभ्रा गुलाबी झालेला. काय झालं ते मला तेव्हाच कळलं.

'काय केलंत हे?'

'काय न्हाय शिष्टर. गुलाल उडाला जरा. लांबनंच.' इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडं पाहायचं टाळलं ते पहिल्यांदाच. मी आयाबाईला बाजूला घेऊन खोदून विचारलं, तेव्हा वरची सगळी हकिगत बाहेर आली.

जिन्याच्या अकरा पायऱ्या चढून डॉक्टरांना उठवायचं होतं. त्यांनी जखम उघडून धुतली असती, टाके पुन्हा घातले असते, पेनिसिलिन दुप्पट केलं असतं. पण त्यांनी पहिल्यांदा एकच विचारलं असतं: सिस्टर, तुम्ही कुठं होतात? नोकरी गेली असती, आणि मी पुन्हा वहिनीच्या दारात उभी राहिले असते. मी अभ्रा काढला. नवा अभ्रा आकारामनंच कपाटातून काढून माझ्या हातात दिला. तक्त्यावर मी लिहिलं: पट्टी कोरडी, ताप नाही. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

सहाव्या दिवशी अंग जरा कोमट लागलं. सातव्या दिवशी एकशे दोन ताप, मान ताठ, आणि खिडकीतल्या टांग्याला ती 'ते घोड्याचं' म्हणायला लागली. डॉक्टर गोंधळून गेले. आपलीच सुई कुठंतरी चुकली असं त्यांना वाटत होतं. पुस्तकाची पानं उलटून उलटून त्यांचे डोळे लाल झाले होते. मी त्यांना थर्मामीटर नेऊन दाखवायची आणि तक्त्यावर आकडा लिहून बाहेर यायची. आकारामनं केलंय, आकारामनं सांगावं, असं मी मनाशी म्हणत होते. माणसाला तुच्छ मानण्याची ही एक मोठी सोय असते, सगळी घाण त्याच्या दारात लोटता येते. ह्या सोयीवर मी दोन दिवस काढले, आणि जेवलेसुद्धा व्यवस्थित.

सातव्या दिवशी संध्याकाळी आकाराम डॉक्टरांच्या खोलीत आला. मी तिथंच होते. टाचा जुळवून उभा राहिला, पलटणीत उभे राहतात तसा.

'सायेब, पट्टी म्या सोडली हुती. यात्रंच्या दिशी. जखमंवर गुलाल पडला.'

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. 'दोन दिवस का बोलला नाहीस?'

'भ्यालो.'

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. 'सिस्टर, तुम्हाला हे माहीत होतं?'

आकारामची नजर समोरच्या भिंतीवर होती.

'नाही,' मी म्हणाले.

अभ्रा त्यानंच मला दिला होता. डॉक्टरांनी त्याला तिथल्या तिथं कामावरून काढलं. तो सलाम करून निघून गेला.

जखम उघडली तर टाक्यांखाली गुलाबी पू. हाडाची कड नासलेली. आत पुवाची पिशवी पुन्हा भरली होती आणि ह्या वेळी वरच्या अंगाला सरकली होती. खालच्या भोकातून सुई घातली तर ती सगळी घाण मेंदूत खोल नेऊन सोडण्यासारखं होतं. खालची वाट आता नासली होती. डॉक्टरांनी नवं भोक पाडलं ते कानाच्या वर. बाळाबाई अर्धवट शुद्धीत. तिला बोलतं ठेवायचा प्रश्नच नव्हता. डोकं धरायला आकाराम नव्हता, धोंडुबाई होती, आणि तिला दर थोड्या वेळानं हात बदलावा लागत होता. हातमोजे काढताना डॉक्टर म्हणाले, 'दोन दिवस आधी कळलं असतं तर नुसतं धुऊन भागलं असतं.' ते कुणाला उद्देशून नव्हतं. खोलीत मी होते.

ती जगली. पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन यांवर तीन आठवडे काढले, ताप उतरला, मान सैल झाली. मग एका सकाळी ती बोलायला लागली, भडाभडा, न अडखळता, आणि त्यात एक शब्द जागेवर नव्हता. पाणी हवं असलं की 'छत्री' म्हणायची. आम्हाला समजत नाही म्हणून चिडायची. आपण चुकीचं बोलतोय हे तिला कळतच नव्हतं. कृष्णातनं तिला टांग्यात बसवून नेलं. डॉक्टरांनी गिरमिट कपाटातून काढून कुठंतरी बंद करून ठेवलं आणि ते पुन्हा मूळव्याधीकडं वळले. माझी नोकरी राहिली. वर्षभरानं मला हेड नर्स केलं.

छप्पन्न साली दादाच्या मुलीचं लग्न निघालं. पैंजण इथल्या सराफांच्या पेठेत, गुजरीत, हवे तितके मिळत असताना मी ते घ्यायला हुपरीला का गेले, हे मला विचारू नका. घर विचारत विचारत गेले. चिमणाबाईनं ओळखलं, घोंगडं अंथरलं, चहा टाकला. आत फुंकणीचा आवाज येत होता.

आणि सोप्यात आकाराम बसला होता. तीच खाकी चड्डी, गळ्यात तोच फाटका स्टेथोस्कोप. समोर बाळाबाई घुंगरं जोडत होती, हात सराईतासारखे चाललेले. तो तांब्या उचलून तिला दाखवत होता.

'तांब्या. म्हणा, तांब्या.'

'चूल.'

'तांब्या.'

'चूल की!' ती वैतागून म्हणाली. 'कितींदा सांगू?'

'दर गुरवारी येत्यात डॉक्टर,' चिमणाबाई मला म्हणाली. 'कोडोलीस्नं दोन यष्ट्या बदलून. दोन वर्सं झाली. ऊन हाय का पाऊस हाय, बघत न्हाईत.'

दारात दोन शेजारणी बसल्या होत्या. त्यांना तो सांगत होता, 'सुई सायबांनी धरली, वाट म्या दावली.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं होऊनही ह्या माणसाची खोड जात नाही! मी तोंडावर तसं म्हणणारच होते, तेवढ्यात बाळाबाईनं मागच्या दाराकडं बघून हाक मारली.

'ए चिमटा! चिमटा गं!'

मला वाटलं तिला कामाचा चिमटा हवाय. तर परसातून पाच वर्षांची पोर धावत आली. 'काय आये?' बाळाबाईनं तिच्या कपाळावरचे केस मागं सारले आणि पुन्हा कामाला लागली. घरात कुणाला त्यात काही नवल वाटलं नाही.

'त्येच नाव पडलंय आता तिचं,' चिमणाबाई म्हणाली. 'गल्लीतली पोरंबी चिमटाच म्हणत्यात. अक्का म्हणून हाक मारली तर वळूनसुदिक बघत न्हाय.' मग पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, 'ह्या डॉक्टरांनीच आमास्नी समदं सांगिटलं. चूक माझी झाली आनी त्यांची झाली. शिष्टर, तुमी तवा तितं असता तर हू दिलं नसतं बगा.'

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला आजही ठाऊक नाही, कारण आकाराम आधी बोलला.

'त्या नव्हत्याच तितं. त्यास्नी काय ठावंच न्हवतं,' तो म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता, काही नव्हतं. 'ठावं असतं तर त्याच दिशी त्यांनी सायबास्नी सांगिटलं असतं. लई चोख काम त्यांचं.'

आणि त्यानं तांब्या पुन्हा बाळाबाईपुढं धरला.

त्या माणसाचा मला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तोंडात चहा होता, तो मी गिळला.

चिमणाबाईनं पोरीला हाताला धरून पुढं आणलं. 'पाया पड शिष्टरांच्या. तुज्या आयेला लई बघितलंय त्यांनी.'

पोर वाकली. मी पाय मागं घेतले नाहीत.